न विचारता लावलेली कात्री

वाचकाचं पत्र

ताई, मी सांगलीत गावभागात राहते, वय ४८. आम्ही दहा जणी मिळून गोधड्या शिवतो. बहुतेक जणी सांगली-मिरजेच्या, एक कराडची, दोघी साताऱ्याच्या. आमची कापडांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं एका कापडाचे १० इंची नऊ चौकोन कापून आणायचे आणि बाकीच्या नऊ जणींना एकेक द्यायचा.

जानेवारीत मी घाईत होते. आत्यांच्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) ट्रंकेत तळाशी एक हिरवं इरकली लुगडं होतं. पदर विरलेला, कित्येक वर्षांत बाहेर न आलेलं. टाकाऊ समजून मी ते मधोमध आडवं फाडलं, पदराकडचं अर्धं परत ठेवलं, दुसऱ्या अर्ध्यातून नऊ चौकोन काढून वाटून टाकले. पंधरा दिवसांनी आत्यांनी डांबरगोळ्या घालायला ट्रंक उघडली. हे लुगडं त्यांच्या आईनं त्यांना पहिल्या डोहाळजेवणाला नेसवलं होतं, हे मला नणंदेकडून कळलं. २०१९च्या पुरात आमच्या सगळ्या गोधड्या चिखलात गेल्या, पण ही ट्रंक आत्यांनी आधीच माडीवर नेली होती. मला त्या एवढंच म्हणाल्या, "जुनंच होतं, जाऊ दे." दुसऱ्या दिवशी ट्रंक आपल्या कॉटखाली ओढून घेतली आणि तिला कुलूप लावलं.

बोलणं-चालणं सगळं आहे, पण मला घास गिळवत नाही. हे म्हणतात, फडक्यापायी एवढा जीव का जाळायचा? मुलगी म्हणते, तुकडे परत माग. पण चौघींनी ते शिवून टाकलेत. माझ्याकडे उरलेल्या कापडाची गुपचूप गोधडी शिवून मे महिन्यात आत्यांच्या पंचाहत्तरीला द्यावी, असं मनात आहे. कशी शिवू?

आणखी एक. मी भिशीत चांगलं सुती देते आणि माझ्या वाट्याला टेरिकॉट येतं. भिशी सोडावी का? दिवाण कापडांनी भरलाय, त्यावरूनही घरात कुरकुर असते.

उत्तर

तुमचं पत्र काल दुपारी वाचलं, रात्री परत वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या कुलपापाशी थांबले. आदळआपट नाही, अबोला नाही. इतकी वर्षं ती ट्रंक उघडीच होती आणि सुनेनं तिच्यात हात घालायला कुणाची हरकत नव्हती, हे त्या कुलपामुळेच कळतं. तुमच्या मनाला नेमकं तेच लागलंय, म्हणून "फडक्यापायी" हा शब्द तुम्हाला पटत नाही. पटूही नये.

आधी गोधडीच्या बेताबद्दल बोलते, कारण मे तोंडावर आलाय आणि तुम्ही कापड मापायला घेतलंही असेल. कात्री खाली ठेवा. ही गोधडी शिवू नका. निदान गुपचूप तर अजिबात नको. पहिल्यांदा तुम्ही अजाणता न विचारता कापलंत. आता सगळं माहीत असताना न विचारता कापणार, आणि तेही चारचौघांसमोर भेट म्हणून हातात ठेवणार. औक्षण झालंय, पाहुणे बसलेत, लेकी-जावई कौतुक करताहेत, अशा वेळी आत्यांनी काय म्हणायचं? त्या "छान झालीय" म्हणतील. त्यांच्या पिढीच्या बायकांना दुसरं काही म्हणताच येत नाही. आणि उरलेलं लुगडंही गेलं ते गेलंच.

हे मी अनुभवानं सांगते. माझ्या आईच्या सहा खणाच्या चोळ्या होत्या, गुळेदगुडचे खण, बारीक नक्षीचे. आई नववारी सोडून सहावारीत आली तशा त्या कपाटात पडून होत्या. तिच्या साठीला मी तिला न कळवता त्या उसवल्या, मधे मांजरपाट घालून उशांचे अभ्रे शिवले, वर काचा लावल्या. आईनं सगळ्यांना दाखवले, कोचावर मांडले. दोन वर्षांनी एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "एक तरी चोळी अख्खी ठेवायची होतीस गं." एवढंच. मी तिथून उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. ते अभ्रे आज माझ्याकडे आहेत. शिवण अगदी सुबक आहे, आणि तरी ते मला वापरवत नाहीत.

तर गोधडी नको. मग काय?

आधी एक हिशेब करा, जो तुम्ही केलेला दिसत नाही. नववारी म्हणजे ९ वार. अर्धं लुगडं साडेचार वार, म्हणजे १६२ इंच लांब. पन्ह्यात १० इंची चार चौकोन सहज बसतात, तेव्हा नऊ चौकोनांना तीन ओळी लागतात, म्हणजे ३० इंच. तुमच्या दिवाणात १३२ इंच, साडेतीन वारांहून जास्त, अजून शाबूत असणार. आत्यांना हे माहीत आहे का? त्यांनी ट्रंक उघडली तेव्हा अर्धं लुगडं दिसलं. दुसऱ्या अर्ध्याच्या चिंध्या होऊन नऊ घरांत गेल्या असंच त्या धरून चालल्या असणार. जे गेलं नाही त्याचंही दुःख त्या करताहेत, आणि ते कापड त्यांच्यापासून दहा पावलांवर, तुमच्या दिवाणात पडलंय.

तेव्हा ते बाहेर काढा. धुऊ नका, इस्त्री करू नका. जुन्या घड्या जशा आहेत तशाच घालून, दोन्ही हातांनी त्यांच्या हातात द्या. दुपारची जेवणं उरकल्यावर, घरात दुसरं कुणी नसताना. नवरा नको, मुलगी तर नकोच. बोलायचं थोडंच: "आत्या, तुम्हाला न विचारता मी हे फाडलं. माझं चुकलं. नऊ तुकडे गेले, बाकीचं सगळं हे आहे." इथं थांबा. "मला माहीत नव्हतं" हे पुढे जोडावंसं वाटेल. ते खरंही आहे. तरी जोडू नका. ते जोडलंत की तुमची समजूत काढायचं काम त्यांच्याकडे जातं, आणि त्या लगेच करतीलही: "असू दे गं, तुला काय ठाऊक!" मग विषय मिटला असं तुम्हाला वाटेल आणि कुलूप तसंच राहील.

त्या काही बोलल्या नाहीत तर नुसत्या शेजारी बसा. बोलल्या तर ऐका. डोहाळजेवणाला आईनं नेसवलेलं हिरवं लुगडं, म्हणजे त्यांच्या माहेरची ओटी आहे ती. आणि गावभागात राहणाऱ्या बाईला मी पुराचं काय सांगू? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे सरकायला लागलं की तुमच्याकडे घरोघरी आधी काय उचलायचं ते ठरतं. गोधड्या खाली राहिल्या, ट्रंक वर गेली. ट्रंकेत काय काय होतं आणि तीच का वर गेली, हे त्यांना कधी कुणी विचारलंय का? तुम्ही विचारा. त्या दिवशी नाही जमलं तर पुढं कधीतरी.

आता ते नऊ तुकडे. मुलीचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. ज्या चौघींनी शिवलेत त्यांना उसवायला लावू नका. भिशीत रीतसर मिळालेलं कापड त्यांनी शिवलं, त्यात त्यांचा काही दोष नाही. शिवाय जुन्या सुताची उसवण फार वाईट होते. सुई जिथं जिथं गेली तिथं भोकं राहतात, धागे विरलेले असले की ती भोकं एकमेकांना जाऊन मिळतात आणि चौकोन कडेनं तिकिटासारखा फाटतो. तुमच्या हातात तुकडाही येणार नाही आणि तिची गोधडीही बिघडेल. उरलेल्या पाच जणींना मात्र फोन करा आणि खरं कारण सांगा. बदल्यात नवे चौकोन तयार ठेवा. गोधड्या शिवणारी बाई हे ऐकून नाही म्हणेल असं मला वाटत नाही. पण त्याआधी आत्यांना विचारा, तुकडे परत हवेत का. त्या कदाचित म्हणतील, राहू देत, कुणाच्या तरी पांघरुणात आहेत ना. कदाचित म्हणतील, आण. दोन्हींतलं काय ते त्यांनीच ठरवायचं. चौघींच्या गोधड्या शिवून झाल्या की एकदा बघायला येता का, हेही विचारून ठेवा. मिरज काही लांब नाही.

परत दिलेल्या कापडाचं पुढं काय करायचं, हे आत्यांनी आपणहून विचारलं तरच बोला. त्यांना वापरावंसं वाटलं तर सगळ्यात सरळ वाट त्यांना तुमच्यापेक्षा चांगली माहीत असेल: दंड घालणं. लुगडं मधे फाटलं की फाटका भाग काढून दोन बरी टोकं जोडायची, ही आपल्या आया-आज्यांची रोजची विद्या. तुम्ही आडवंच फाडलंय, त्यामुळे दंड नीट बसेल. नऊ वारांतलं वारभरसुद्धा कमी होणार नाही. दोन्ही कडा आत दुमडा, काठाला काठ बरोबर जुळवून टाचण्या लावा आणि बारीक धावदोरा हातानं घाला. मशीनची टीप जुन्या कापडावर नको, ती त्याला चरचरत कापत जाते. शिवण त्यांना घालायची असेल तर सुईत दोरा ओवून द्यायचं काम तुमचं.

गोधडी व्हावी असं त्यांनीच म्हटलं, तर इरकलीची एक गोष्ट लक्षात ठेवा. इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. जुन्या लुगड्यांत अंग सुती आणि टोपपदर रेशमाचा असायचा, पदराचे ताणे वेगळे लावून मागावरच अंगाला जोडलेले. सूत आणि रेशीम एका चालीनं म्हातारं होत नाही. सूत धुण्यानं मऊ पडतं. रेशीम घडीवर तडकतं. म्हणून तर तुम्हाला पदर विरलेला दिसला आणि सगळं लुगडंच गेलंय असं वाटलं. अंगाचं कापड खिडकीपाशी उजेडासमोर धरा. विणीत ढगासारखे पातळ डाग दिसतात तिथं कापड थकलेलं. मग दोन्ही हातांच्या अंगठा-बोटांत धरून हलकेच ताणा. चर्र असा बारीक आवाज आला तर तो भाग वरच्या थरात घ्यायचा नाही, आत घालायचा. आवाज आला नाही तर ते कापड अजून काही वर्षं अंगावर घेता येईल.

पदर गोधडीत घालूच नका. दर दोन-चार महिन्यांनी गोधडी भिजणार, पिळली जाणार, तारेवर ओझ्यानं लोंबणार. त्यात रेशीम टिकत नाही. धुतलेल्या मलमलीवर पदर सैलसर पसरा, तडकलेल्या जागा बोटानं जवळ आणा आणि रेशमाच्याच रंगाच्या एकेरी दोऱ्यानं, बारीक सुईनं, लांब लांब टाके घाला. दोरा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. नंतर त्याची घडी न घालता सुती कापडात गुंडाळी करून ठेवायची. खालच्या बाजूला इचलकरंजीचं मांजरपाट लावणार असाल तर आधी दोनदा धुऊन घ्या. कोरं सूत शेकडा तीन ते पाच टक्के आटतं. सात फुटांच्या गोधडीत तो फरक चार इंचांपर्यंत जातो, आणि वरचं जुनं कापड, जे आटायचं ते केव्हाच आटून गेलेलं, फुगे धरतं.

आता भिशीचं. ती सोडू नका.

माझ्या आजोळी, कोरेगावकडच्या एका वाडीत, उन्हाळ्यात पैऱ्यानं वाकळा शिवायच्या. शेतात जसा पैरा, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तसाच. सोप्यात वाकळ अंथरायची, चार कोपऱ्यांवर चौघी बसायच्या, कडेनं टाका धरून आत आत सरकायचं. दुपारपर्यंत चौघींचे गुडघे मधे येऊन एकमेकांना लागायचे आणि मग चहा. वाकळ जिची तिनं चहा-भाकरी बघायची. मी तेव्हा सुईत दोरे ओवून ठेवायचे. कुणाचे टाके तांदळाएवढे, कुणाचे चवळीएवढे, पण आजीनं कधी कुणाला टोकलेलं ऐकलं नाही. टोकायची ती फक्त दोऱ्यावरून. कच्चा दोरा आणलेला तिला खपायचा नाही, कारण त्यानं दुसरीच्या घरातलं पांघरूण उसवतं.

तुमच्या टेरिकॉटचंही तसंच आहे. तक्रार बाईची न करता कापडाची करा, आणि ती सगळ्यांसमोर, कापड हातात घेऊन करा. पुढच्या वेळी एक पणती आणि चिमटा न्या. प्रत्येक कापडाचा एक धागा ओढून पेटवून बघायचा. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि करडी राख बोटांत विरते. टेरिलीन वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही थोडं थोडं दिसतं. तुमच्या मैत्रिणी मुद्दाम मिसळीचं कापड देत असतील असं मला वाटत नाही. आजकाल दुकानात "कॉटन" म्हणून काहीही मिळतं आणि हाताला कळतच नाही. एकदा सगळ्यांनी मिळून तो मणी पाहिला की पुढचे कितीतरी महिने वाद निघणार नाही. दुसरी तपासणी रंगाची. चौकोनाचा कोपरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड धुऊन धुऊन पाणी नितळ येईपर्यंत भिशीत यायचं नाही. खणाचा लाल आणि गडद निळा यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. आणि कापड धुऊन मगच कापायचं, हे सगळ्यांनी ठरवून टाका. कोऱ्या कापडाचा १० इंचाचा चौकोन धुतल्यावर साडेनऊचा होऊ शकतो आणि मग शेजारच्या चौकोनाशी त्याचा कोपरा जुळत नाही. आलेलं टेरिकॉट टाकू नका. त्यानं घाम शोषत नाही म्हणून ते पांघरुणात नको, पण बाजाराच्या पिशव्या त्याच्या उत्तम होतात.

तुमच्या भिशीत मला आणखी एक गोष्ट हवी आहे, आणि ती या सगळ्यांपेक्षा जास्त हवी आहे. जुनेर आणलं असेल तर ते कुणाचं, आणि तिला किंवा त्याला विचारलंय का, हे आणणारीनं सांगायचं. आपल्याकडे दारात बोहारीण यायची तेव्हा आजी तिला बसवून ठेवायची, पण गाठोड्यातला प्रत्येक कपडा घरात फिरवून आणायची. "हे देऊ का?" आजोबांना धोतर दाखवायची, आणि मला, सहा वर्षांच्या पोरीला, माझा आखूड झालेला फ्रॉक. मी एकदा नको म्हटलं. पातेलं एक नंबर लहान मिळालं, पण फ्रॉक घरात राहिला.

दिवाणाबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं रास्त आहे. एक दिवाण तुमचा, तो भरला की नवं कापड बंद, एवढं कबूल करा आणि पाळा. "फडक्यापायी जीव का जाळायचा" याचं उत्तर देत बसू नका. लुगड्याची गोष्ट त्यांना त्यांच्या आईकडूनच ऐकू दे, सांगावीशी वाटली तर. तुम्ही मधे पडून ती सांगू नका.

राहिल्या डांबरगोळ्या. त्यांचा उग्र वास कापडात मुरतो, कॉटखाली आता तो रात्रभर नाकाशी असणार, आणि गोळी कापडाला नुसती टेकलेली असणंही बरं नाही. बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात वेखंड मिळतं. त्याचे चार-पाच तुकडे कडक उन्हात वाळवून मलमलीच्या दोन पुरचुंड्या बांधा आणि आत्यांना आणून द्या. ट्रंकेत कुठे ठेवायच्या ते त्या बघतील. कुलूप त्या उघडतील तेव्हा उघडतील, तुम्ही किल्लीचं नाव काढू नका.